शेपटीतला नकार

श्रोतेहो, नमस्कार. दहावीच्या इंग्रजीत 'ॲड अ क्वेश्चन टॅग' हा प्रश्न येतो, तो आठवत असेल. वाक्याला लावायची प्रश्नाची शेपटी. नियमही तुम्हाला पाठ आहे. वाक्यात होकार, तर शेपटीत नकार. वाक्यात नकार, तर शेपटीत होकार. 'शी इज टायर्ड, इजन्ट शी?' सहाय्यक क्रियापद वाक्यातलंच उचलायचं, नसेल तर डू, डज, डिड. झालं.

आता आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या एक बाई ऐका. एसटी स्टँडजवळ त्यांची चहाची गाडी. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार होत्या. चहा काचेच्या ग्लासात द्यायच्या. कागदी कपातला चहा हा चहाच नव्हे, पण ते असो.

फळ्यावर मी लिहिलं, 'आय ॲम लेट'. बाईंनी शेपटी जोडली, 'ॲमन्ट आय?' म्हटलं, बाई, इथे 'आरन्ट आय' येतं. बाई उठून थेट फळ्यापाशी. "सर, इजचं इजन्ट, आरचं आरन्ट. मग ॲमनंच काय घोडं मारलंय? आणि 'आय आर' लिहिलं की तुम्हीच लाल गोल करता!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. म्हटलं, तुमचा तर्क चोख आहे. आयर्लंडात, स्कॉटलंडात लोक ॲमन्ट म्हणतातही. पण आपल्या परीक्षेत ते चालत नाही.

"मग माझा पेपर तिकडंच पाठवा की तपासायला!"

त्या दिवशी पुढचं व्याकरण काही झालं नाही.

तर 'आय ॲम'ला 'आरन्ट आय'. पुन्हा सांगतो, आय ॲम, आरन्ट आय. दुसरी फसगत हार्डली, सेल्डम, नेव्हर यांची. नॉट कुठे दिसत नाही, पण वाक्य नकारीच. 'ही हार्डली ईट्स, डज ही?' 'नोबडी केम'ला 'डिड दे', 'लेट्स गो'ला 'शॅल वी'. गाइडं पाठ करून हे अंगवळणी पडत नाही, तोंडानं म्हणावं लागतं.

आणि सूर. तो छापील पुस्तकात ऐकू येत नाही, म्हणून रेडिओवर सांगतो. शेपटीचा सूर चढला, तर तुम्ही खरंच विचारताय. उतरला, तर नुसता दुजोरा हवाय. 'यू लॉक्ड द डोअर, डिडन्ट यू?' दोन्ही तऱ्हांनी मोठ्यानं म्हणून बघा. घरातलं कुणी उठून कुलूप बघायला गेलं, तर चढता सूर जमला म्हणायचा.