पहिली १० मिनिटे

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, काढण्यासाठी छातीवर सहा आणि हातापायांवर चार, असे एकूण १० इलेक्ट्रोड लावले जात आहेत. तंत्रज्ञाचे बोट छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने खाली सरकत चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधली फट शोधते आहे, कारण छातीवरच्या पहिल्या दोन इलेक्ट्रोडची जागा तीच असते आणि ते थोडे वर लागले तरी आलेख बदलू शकतो. छातीत दुखत असलेला रुग्ण रुग्णालयात आल्यापासून १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढून डॉक्टरांनी वाचलेला असावा, असे उपचारांचे मार्गदर्शक नियम सांगतात. हृदयविकाराच्या झटक्यावरचे पुढचे उपचार कितीही प्रगत असले, तरी त्यांची सुरुवात इथूनच होते. म्हणून ईसीजीचा हा कागद आपण सावकाश पाहणार आहोत.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे प्रत्येक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. ठोक्याचे उंच टोक उमटून गेले की रेषेने मूळ पातळीवर यायला हवे; इथे मात्र दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहणाऱ्या नोंदींमध्ये, ती वरच राहिलेली दिसते. या लीड हृदयाच्या खालच्या बाजूची नोंद घेतात. तिथल्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी, बहुतेक रुग्णांत उजवी, गुठळीने बंद झाली असावी, हे या कागदावरून कळते. पहिला ईसीजी व्यवस्थित आला, तरी निश्चिंत होता येत नाही. दुखणे थांबले नसेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही तपासावे लागते, ज्याची वाढ दिसायला काही तास जाऊ शकतात. मधुमेही, वयस्कर रुग्ण आणि स्त्रिया यांच्यात कधी कधी छातीत कळ येतच नाही. धाप, घाम, मळमळ किंवा जबड्यातले दुखणे एवढेच जाणवते आणि ॲसिडिटी समजून ते अंगावर काढले जाते. अशा प्रत्येकाचा ईसीजी व्हायलाच हवा.

एका जुन्या छायाचित्रातील माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवलेले आहेत. हे नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइंटहोव्हन या शास्त्रज्ञांचे ईसीजी यंत्र. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. ते हलवणे शक्य नसल्याने १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून रुग्णांच्या ठोक्यांची नोंद टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत मिळवली. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज रुग्णवाहिकेतून ईसीजी पुढे पाठवता येतो आणि रुग्ण पोहोचण्याआधी कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या धमन्या तपासण्याची व उघडण्याची खोली, सज्ज ठेवता येते, परंतु त्यासाठी तो वाटेतच काढलेला असावा लागतो.

कॅथलॅबमध्ये रुग्ण जागा आहे. मनगटापुरती भूल देऊन तिथल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली जाते. त्यातून सोडलेले औषध क्ष-किरणांच्या पडद्यावर काळे दिसते, फांदीफांदीने पसरते आणि एका ठिकाणी एकदम थांबते. तिथून पुढची धमनी दिसतच नाही. केसासारखी तार अडथळ्यापलीकडे सरकवून तिच्यावरून फुगा नेला जातो, काही सेकंद फुगवला जातो, आणि मग औषधाचा लेप असलेली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, धमनीच्या भिंतीला टेकवून बसवली जाते. हृदयाच्या धमनीत असा फुगा पहिल्यांदा वापरला तो आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी, झ्युरिकमध्ये, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरांनी दंडातल्या शिरेतून स्वतःच्याच हृदयात नळी सरकवली होती आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढवून घेतले होते.

आता पडद्यावर धमनी टोकापर्यंत भरलेली दिसते.

उशिरा पोहोचलेल्यांच्या हृदयाचा काही भाग कायमचा निकामी होतो आणि पुढे धाप व पायांवरची सूज मागे लागते. स्टेंट बसवल्यानंतर ॲस्पिरिन आणि रक्त गोठू न देणारी दुसरी गोळी, अशा दोन गोळ्या झटका येऊन गेलेल्यांना साधारण वर्षभर एकत्र दिल्या जातात. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबावरची औषधे त्याहून जास्त काळ चालतात. या दोन गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते, त्यामुळे दात काढण्यासाठीसुद्धा त्या आपल्या मनाने थांबवू नयेत. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.