काजूच्या दोन ओळींमधला निवडुंग

हा गोव्यातल्या पेडण्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, एप्रिल महिना, दुपारचे अडीच. मागे घरघर येतेय ती मोपा विमानतळावरच्या विमानाची, एडिटिंगमध्ये काढायचा खूप प्रयत्न केला, निघाली नाही. खाली नुसता जांभा, गवत केव्हाच करपलंय, आणि काजूच्या दोन ओळींमध्ये जे हिरवंगार उभं आहे ना, तो फड्या निवडुंग, पण बिनकाट्याचा, गुरांसाठी लावलेला.

काकींचा हात बघा. बरोब्बर सांध्यावर कोयता, एकच घाव, पान टोपलीत. तळातलं मूळ पान आणि त्यावरचा एक थर ठेवायचाच, नाहीतर नवी फूट लवकर येत नाही. लावायचं पान वेगळं काढून सावलीत आठ-पंधरा दिवस तसंच पडू द्यायचं, कापलेली जागा सुकली की मग उभं रोवायचं, साधारण एक तृतीयांश मातीत. "घाई केलीस बाबा, की कुजलंच समज," काकी म्हणाल्या, आणि मी तेव्हा नेमकी घाईच करत होतो.

गंमत म्हणजे हे झाड उन्हात श्वास धरून बसतं. पानावरची छिद्रं उघडतात रात्री, म्हणून दिवसा पाणी उडून जात नाही, पानात शेकडा 85-90 भाग पाणीच असतं. मूळचा हा मेक्सिकोचा. पोर्तुगिजांनी ज्या ब्राझीलहून आपल्याकडे काजू आणला, तिथल्या ईशान्येच्या कोरड्या भागात आज गुरांसाठी हाच निवडुंग लावतात, काही ठिकाणी गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडिया या चाऱ्याच्या झाडाच्या ओळींमध्ये. म्हणजे काजू आपण उचलला आणि त्याच्या शेजाऱ्याकडे आत्ता कुठे बघतोय!

नुसता निवडुंग घालून मात्र चालत नाही, प्रोटीन कमी, शेण पातळ होतं. म्हणून बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, भाताचा पेंढा आणि त्यात हे चिरलेले तुकडे. बघा कसा बुळबुळीत रस सुटलाय, कोयत्याला तार येतेय.

पावसाळ्यातलं शूटिंग आमच्याकडे नाही. 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुळाशी पाणी साचलं की संपलं, गेल्या वर्षी एक अख्खी ओळ कुजली, आता उतारावर उंच वरंबे घातलेत.

ही काकींची तांबडी गाय. पहिल्या दिवशी वास घेऊन मान फिरवली होती म्हणे. आता मी बोलत नाही, चावायचा आवाज ऐका.