खंबाटकी, एसटी आणि मोठं इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

गाडी जुनी झालीय, चढाला दम लागतो, पण पत्रा अजून धडधाकट आहे आणि घरच्यांचा तिच्यावर जीव आहे. अशा वेळी कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "मोठं इंजिन बसवून टाक ना!" बसवावं का? माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना कुकर बंद करायचाय त्यांनी खुशाल उठावं. आधी आहे ते इंजिन तपासा.

आता गोष्ट. आमच्या सोसायटीत एक काका आहेत. नाव सांगत नाही, कारण ते हा कार्यक्रम ऐकतात. त्यांच्याकडे मारुती ८०० होती. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. गाव वाईजवळ, म्हणजे येताना बोगदा असला तरी पुण्याहून जाताना तेव्हा खंबाटकी घाट चढणं आलंच. एका मे महिन्यात काका, काकू, दोन नातवंडं, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर ट्रंक, असे सगळे एसी लावून निघाले. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि तिथेच राहिली. मागून एसटी आली, भोंगा दिला आणि पुढे निघून गेली. तिच्या मागच्या खिडकीतून एका पोराने काकांना टाटा केला. नातवंडांनीही हौसेने उलट टाटा केला. काकांना तो टाटा फार लागला.

खरं तर एसटीने मागे टाकलं यात लाज कसली? पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, आपल्याच पुणे-नगर रस्त्यावर. इतक्या वर्षांची तालीम आहे ती. घाटात एसटीचा चालक जसा गाडी चालवतो तसा दुसरा कुणी चालवत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि त्यावर मला पत्रं पाठवू नयेत. असो.

पुण्यात परतल्यावर काका तडक नाना पेठेत गेले. अपघातात गेलेल्या एका एस्टीमचं इंजिन, १२९८ सीसी, चार सिलिंडर, टेम्पोत घालून घेऊन आले आणि पार्किंगमध्ये जुन्या चादरीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'पार्किंग वाहनांसाठी आहे, वाहनांच्या अवयवांसाठी नाही.'

मग मेकॅनिक आला. वयस्कर, मोजकं बोलणारा. त्याने चादर उचलली, पाहिलं, परत टाकली.

"बसेल का?" काकांनी विचारलं.

"बसेल. एकटं नाही बसणार."

"म्हणजे?"

"गिअरबॉक्स पाहिजे, एक्सल पाहिजेत, माउंटिंग नवीन करावी लागेल, रेडिएटर मोठा, सायलेन्सर, वायरिंग. काका, तुम्ही नवरदेव घेऊन आलात. वऱ्हाड कुठे उतरवणार?"

काका गप्प.

"आणि पळाली तर थांबवणार कशी? ब्रेक आठशेचेच आहेत."

एवढं बोलून त्याने न विचारता मागचं चाक जॅकवर उचललं, हॅण्डब्रेक सोडला आणि हाताने चाक फिरवलं. फिरेना! ब्रेकचे लायनर इतके आवळलेले की चाक सतत धरून ठेवत होते. एअर फिल्टर धुळीने बुजलेला. क्लच प्लेट संपलेली, म्हणजे चढावर इंजिन नुसतं ओरडणार. शेवटी त्याने तिन्ही सिलिंडरना गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, पाहिलं. तिन्ही चांगले, जवळजवळ सारखे.

"इंजिन ठणठणीत आहे काका. तुम्ही ब्रेक लावून घाट चढत होतात."

तुम्हाला वाटेल काका खूश झाले. छे! चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. त्यांना तेराशे सीसीच हवं होतं. ते इंजिन पुढे एका जिप्सीवाल्याने नेलं. त्या व्यवहारात किती बुडाले ते सांगणार नाही, कारण काकूही हा कार्यक्रम ऐकतात. पुढच्या मे महिन्यात बराचसा घाट तिसऱ्या गिअरवर चढला. एसटी पुन्हा पुढे गेलीच. काका म्हणाले, "ती एसटी आहे."

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भराभर. आधी आहे ते इंजिन तपासा, हे पुन्हा सांगतो. कॉम्प्रेशन, क्लच, एअर फिल्टर, आणि चाक हाताने मोकळं फिरतंय का. दुसरं ब्रेकचं. ताशी ६० ऐवजी ८५ ने जाणारी तीच गाडी थांबवताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी तपासली जाते ती तिच्या इंजिनासकट, ब्रेकसकट. त्यातला एकच भाग मोठा केला की बाकीच्यांची परीक्षा रस्त्यावर होते.

तिसरं कायद्याचं, आणि हे नीट ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं. त्याच प्रकारचं दुसरं इंजिनही बसवता येतं, पण संगम पुलाजवळच्या आरटीओत परवानगी काढून, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून. आठशेत तेराशे या वाटेने जात नाही. त्याच प्रकारचं इंजिन जुन्या बाजारातून घेतलंत, तरी पक्कं बिल घ्या. चोरीच्या गाडीचा नंबर निघाला तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

आणि लक्ष्मी रोडवर आठशे काय नि तेराशे काय, दोन्ही पहिल्याच गिअरवर चालतात. तरीही मोठ्या इंजिनाची हौस असेलच, तर त्या वऱ्हाडाच्या खर्चाचा कागदावर हिशेब मांडा, आपल्या जुन्या गाडीची किंमत त्यात मिळवा, आणि तेवढ्यात कंपनीनेच मोठं इंजिन बसवलेली जुनी गाडी मिळते का ते बघा. बघायला जाताना मेकॅनिकला सोबत न्या. नमस्कार.