मेणातली गाठ

नमस्कार श्रोतेहो. मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे. गेल्या मे महिन्यात यावलकडचे एक दादा आईच्या स्तनातली काढलेली गाठ घेऊन आले. सलाइनच्या बाटलीत, नुसत्या पाण्यात, ऑपरेशननंतर दोन दिवसांनी. झाकण उघडताच वास आला. पेशी सडल्या होत्या. कॅन्सर दिसत होता, पण तो पुढे कसा वागेल हे सांगणारं सगळं त्या पाण्यात गेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्यात काय गेलं, ते सांगते. आपल्या टिश्यू कल्चर केळीच्या पानातही तीच जनुकं, घडातही तीच. तरी पान ते पान आणि घड तो घड, कारण कुठे कोणतं जनुक कामाला लागतं ते वेगळं. कामाला लागलेल्या जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, पेशीत सापडतो आणि मोजता येतो. ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी अशी २१ जनुकं मोजते: १६ कॅन्सरशी संबंधित, ५ तुलनेसाठी. त्यातून ० ते १०० असा आकडा येतो. आकडा मोठा, तर आजार उलटण्याचा धोका जास्त.

हार्मोन पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह म्हणजे हर-टू हे वाढीचं प्रथिन जास्त नसलेला, आणि काखेतल्या गाठींत न पसरलेला कॅन्सर असलेल्या दहा हजारांवर बायकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ११ ते २५ आकडा असलेल्या बहुतेकींना नुसत्या हार्मोनच्या औषधांनी केमोइतकाच गुण आला. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ आकड्याच्या बायकांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला. म्हणून केमो घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

ही तपासणी महाग आहे, प्रत्येक घराला झेपत नाही. पण ईआर आणि पीआर, म्हणजे पेशीतली हार्मोन पकडणारी प्रथिनं, आणि हर-टू या तपासण्याही जनुकांचं कामच वाचतात, प्रथिनांवरून. त्या आवाक्यातल्या आहेत आणि कुणाच्याही चुकायला नकोत.

गाठ सडू नये म्हणून ती फॉर्मॅलिन या द्रवात ठेवतात. म्हणून ऑपरेशन झालं की विचारा, "गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकली का? किती वाजता?" मेणाचा ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, जपा. मुंबईला नेताना उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

त्या दादांच्या आईचा आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक सापडला. तुरीच्या डाळीएवढा तुकडा. त्यावर ईआर पॉझिटिव्ह आला. माय आता रोज रात्री जेवणानंतर गोळी घेते.