ईयोबाच्या पुस्तकातला रानबैल

हे जनावर तुझी चाकरी करील का? रात्री तुझ्या गव्हाणीपाशी थांबेल? दावं लावून त्याला नांगराच्या तासाला धरता येईल? तुझं धान्य ते खळ्यावर आणेल, असा भरवसा तुला आहे?

बायबलमध्ये, ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात, देव संकटांनी गांजलेल्या ईयोबाला हे विचारतो. हिब्रूत त्या जनावराचं नाव आहे रेएम. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात त्याचं झालं 'युनिकॉर्न', म्हणजे एकशिंगी प्राणी, आणि ते नऊ वेळा आलं.

पण शब्द ऐका. गव्हाण, दावं, तास, खळं. ही सगळी गोठ्यातली भाषा आहे. शेतकऱ्याला ती सांगावी लागत नाही. ज्याचे भाऊबंद रोज औताला जुंपले जातात आणि जो स्वतः कुणाला बधत नाही, अशा रानबैलाबद्दलच हे प्रश्न शोभतात.

मग एक शिंग आलं कुठून? ग्रीक भाषांतरातून. इसवी सनाच्या आधीच ज्यू पंडितांनी रेएमसाठी 'मोनोकेरॉस', म्हणजे एकशिंगी, हा शब्द घेतला. ग्रीक जगात एकशिंगी प्राण्याची कीर्ती होतीच. इराणच्या दरबारातला वैद्य क्टेसियस याने भारतातल्या एकशिंगी रानगाढवांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं तर विष बाधत नाही, असंही तो सांगतो. या वर्णनामागे आपला गेंडा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

मूळ मजकूर मात्र एक शिंग मानूच देत नाही. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ३३ व्या अध्यायात योसेफाला आशीर्वाद आहे: त्याची शिंगं रेएमची शिंगं. रेएम एक, शिंगं अनेक. आणि ही शिंगं म्हणजे एफ्राईम आणि मनश्शे, योसेफाच्या दोन मुलांची कुळं. किंग जेम्सच्या भाषांतरकारांना ही अडचण दिसली होती. त्यांनी ओळीत 'युनिकॉर्न'चं अनेकवचन केलं आणि हिब्रूतलं एकवचन प्रामाणिकपणे पानाच्या समासात नोंदवलं. मला तो समास फार मोलाचा वाटतो.

पुढे प्राचीन इराकमधल्या बाबिलोन-अश्शूरचे लेख वाचता आले, तेव्हा त्यांतही 'रीमु' हा रानबैल भेटला. बाबिलोन शहराच्या इश्तार दरवाजाच्या चकाकत्या विटांवर बैल आहेत. ते बाजूने दाखवलेले, म्हणून शिंग एकच दिसतं.

हा बैल म्हणजे ऑरॉक्स, खांद्यापाशी सहा फुटांपर्यंत उंच. आपली खिलार जनावरं याच जातीच्या भारतीय शाखेतून आली. तिचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडतात. किंग जेम्स बायबल छापलं गेलं तेव्हा पोलंडच्या याक्टोरुव्ह जंगलात थोडे ऑरॉक्स अजून जिवंत होते. शेवटची गाय १६२७ मध्ये मेली. १८८५ च्या सुधारित इंग्रजी बायबलच्या जुन्या करारात 'युनिकॉर्न' काढून 'रानबैल' या अर्थाचा शब्द घातला गेला.