साडेसहाची दहावी

(दृश्य: परळ. महापालिकेच्या शाळेचं फाटक. दुपारच्या सत्राची मुलं बाहेर पडताहेत.)

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. दिवसाची शाळा सुटली आहे. पाठीवर दप्तरं, गळ्यात बाटल्या, फाटकापाशी घ्यायला आलेल्या आया. या लोंढ्यातून वाट काढत एक बाई उलट आत शिरताहेत. खांद्याला पर्स, काखेत हजेरीपट. रात्रशाळेच्या दहावीच्या या वर्गशिक्षिका. वर गेल्या की आधी दिवे लावतात, मग पंखा, आणि मग फोन.

चौदा जणांना नाही, रोज तिघांनाच. आज कोण दांडी मारणार याचा त्यांचा अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही. ‘कुठे पोचलास? करी रोडला उतरलास ना? मग पाय उचल.’ फोन संपला की हजेरीपटात त्या नावापुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद होते. ‘ओव्हरटाइम.’ ‘आई आजारी.’ ‘पगार नाही, तिकिटाला पैसे नाहीत.’ सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली नोंद मात्र दोनच शब्दांची आहे. ‘येतो म्हणाला.’

(दृश्य: वर्ग. भिंतीवर बाराखडी आणि फळांची चित्रं. छोटे बाक.)

हा वर्ग दिवसा चौथीचा असतो. बाकही चौथीच्याच मापाचे. इमारतीच्या चौकीदारीचं काम करणारा तेवीस वर्षांचा विद्यार्थी त्यात तिरका बसतो, कारण सरळ बसला की गुडघे फळीला लागतात. साडेसहा ते साडेनऊ शाळा, दहा वाजता ड्युटी, सकाळी सहाला सुटका. गावी आठवीतून शाळा सुटली होती. त्याच्या पुढच्या बाकावर बेचाळीस वर्षांच्या एक बाई बसतात. पोळीभाजी केंद्रात दिवसाला दोनशे पोळ्या लाटतात. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणतात. वर्गशिक्षिका बाकीच्यांना अरे-तुरे करतात, मावशींना मात्र ‘तुम्ही’. त्यामुळे फळ्यापाशी अशी वाक्यं ऐकू येतात: ‘तू गप्प बस रे, त्यांना सांगू दे. हं, सांगा तुम्ही, आवर्ती सारणीत सोडियम कुठे?’

मावशींकडची पुस्तकं त्यांच्या मुलीची आहेत. ती दोन वर्षांपूर्वी दहावी झाली. 2018 साली दहावीची पुस्तकं बदलली, त्यानंतर तीच चालू आहेत, त्यामुळे हे जमतं. मुलीने पेन्सिलीने केलेल्या खुणा आईला आयत्या मिळाल्या. एका पानावर समासात कुणाचं तरी नाव आणि बदाम काढलेला आहे. मावशींनी त्यावर लेबल चिकटवलं. चित्रीकरण करताना आम्ही विचारलं तर म्हणाल्या, त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही.

रात्रशाळा ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत गिरण्यांची पाळी संपवून माणसं शिकायला यायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. रात्रशाळा राहिल्या. फक्त बाकांवरची माणसं बदलली: कुरिअरवाले, मॉलमधले मदतनीस, घरकाम करणाऱ्या, मेडिकलमधली पोरं. कामाला पाळी असली की तिला निदान वेळ ठरलेली असते. या मुलांच्या कामाला तीही नाही.

(दृश्य: पावसाचं पाणी. रिकामा वर्ग.)

हे वर्ष 2024-25 चं. जूनमध्ये पटावर सतरा नावं होती. 8 जुलैला मुंबई तुंबली, लोकल अडकल्या, शाळाच भरली नाही. ते ठीक. पण दुसऱ्या दिवशी पाचच जण आले. ऑगस्टात दहीहंडीचा सराव. लालबाग-परळमध्ये तो रात्रीच असतो, आणि आमच्या वर्गातला एक जण चौथ्या थराला आहे. सप्टेंबरात गणपती. इथे गणपती म्हणजे दहा दिवस रस्ताच बंद. मग दिवाळीची गिऱ्हाइकी, दुकानातून सुटका नाही. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, म्हणजे शाळेचं मतदान केंद्र झालं आणि शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी. दिवसाच्या शाळांनाही हे सगळं असतंच. पण त्यांना बुडालेला तास रविवारी भरून काढता येतो. इथे रविवारी तर काम जास्त.

अशा वर्गाला प्रेरणा द्यायची म्हणजे काय करायचं? दिवसाच्या शाळांत डिसेंबर-जानेवारीत व्याख्याते बोलावतात. कोट घातलेला माणूस येतो, टाळ्या वाजवून घेतो, स्वप्नं मोठी बघा म्हणतो. इथे तसं कुणी येत नाही आणि आमच्या मते त्यात फार नुकसान नाही. बाईंनीही एकदा हा प्रयोग करून पाहिला होता. दिवाळीनंतर वर्ग सुस्तावलेला बघून एक अख्खा तास भाषण केलं: दहावी झालात की आयुष्य कसं बदलेल, कोण कुठे पोचलं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा दोघं कमी आले. त्यातल्या एकाने नंतर सांगितलं, ‘बाई, तुम्ही बोललात त्यावरून कळलं की मी किती मागे आहे.’

तेव्हापासून भाषण बंद. त्याऐवजी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक गणित आलं.

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेले आकडे: 80, 20, 35.)

मराठीचे शंभर गुण. त्यातले ऐंशी लेखी, वीस शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे: तोंडी, श्रवण, गृहपाठ. पास व्हायला पस्तीस. वर्षभर नेमाने येऊन शाळेकडचे पंधरा पदरात पाडले, तर लेखीत ऐंशीपैकी वीस उरतात. वीस म्हणजे किती? एक पत्र, एक जाहिरात, उताऱ्यावरचे प्रश्न आणि थोडं व्याकरण. रोज प्रत्येकाने स्वतःचा उरलेला आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. फळ्यावर कुणाच्याही नावाचा आकडा नाही.

ज्यांनी नव्वद टक्क्यांच्या घरात शाळा पाहिली, त्यांना हे कोतं वाटेल. पस्तीसवर नजर ठेवायला शिकवणं ही कसली प्रेरणा, असा प्रश्न आम्हालाही चित्रीकरणाच्या पहिल्या आठवड्यात पडला होता. बाईंनी त्यावर 2019 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, शंभरच्या शंभर लेखी. राज्याचा निकाल 2018 च्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. ‘आमच्या वर्गाचं विचारू नका,’ म्हणाल्या. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या वीस गुणांत काय असतं ते त्यांनी तेव्हा पाहिलं: रोज शाळेत येण्याला तिथे मोल असतं. आणि रोज येणं हीच एक गोष्ट या मुलांच्या थोडीफार हातात आहे.

दुसरा नियम असा की ‘घरी करून आणा’ हे वाक्य या वर्गात उच्चारायचं नाही. घरी म्हणजे कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, किंवा हॉटेलच्या माळ्यावर, किंवा लॉबीतल्या खुर्चीवर. जो काही अभ्यास व्हायचा तो या तीन तासांत, या बाकांवर. म्हणून प्रत्येक तासिकेची शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची. एक उत्तर, घड्याळ लावून. सुरुवातीला आम्हाला वाटलं की हा पाठांतराचा भाग आहे. कारण वेगळंच निघालं. मावशी दिवसभर लाटणं फिरवतात, पण पेन धरलं की अर्ध्या तासात त्यांचा अंगठा आखडतो. तीन तासांचा पेपर म्हणजे तीन तास हात चालला पाहिजे. जुलैत त्या दहा मिनिटं लिहायच्या, नोव्हेंबरात चाळीस, जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत दोन तास वीस मिनिटं. बाई हे आकडेही हजेरीपटात लिहून ठेवतात.

(दृश्य: चहाचे कप, बिस्किटं. मग फळ्यापाशी एक मुलगा.)

पावणेसातला चहा आणि बिस्किटं. बरीच मुलं कामावरून थेट आलेली असतात, दुपारचं जेवलेली असली तर असली. उपाशी माणसाला वर्गसमीकरण शिकवून बघा.

एक दिवस मात्र चहा थंड झाला. गणिताच्या पहिल्या भागात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे, त्यात जीएसटी येतो. उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसणारा मुलगा तोवर मागच्या बाकावर असायचा. त्या दिवशी तो उठला, खिशातून बिल काढलं आणि फळ्यावर उतरवलं. पाच टक्के, म्हणजे अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. मेडिकलमधल्या पोराने त्याला अडवलं, आमच्याकडे दर वेगळा. मग अठरा टक्क्यांचं उदाहरण घेऊन नऊ आणि नऊ. पाऊण तास दोघांची जुगलबंदी चालली आणि गणिताचे सर खिडकीत उभे राहून ऐकत होते.

इथे कुणी म्हणेल, बघा, अनुभवातून शिक्षण! थोडं थांबा. जीएसटी सुटला म्हणून वर्गसमीकरण सुटलं नाही. उडप्याच्या हॉटेलात एक्सचा वर्ग कुणी मागत नाही. भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, त्यातलं ब्राझीलही कुणाच्या अनुभवात नाही. ते घोकावंच लागलं. त्या दिवसाने बदल केला तो एवढाच, की गल्ल्यावरचा मुलगा पुढच्या बाकावर आला, आणि आला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

(दृश्य: बाई फोनवर. कॉरिडॉर.)

परीक्षेची तारीख लागली आणि नवा पेच आला. मंडळाने या वर्षी परीक्षा आधी घेतली. 2024 ला ती 1 मार्चला सुरू झाली होती, 2025 ला 21 फेब्रुवारीला. शिवाय पेपर सकाळी अकराला. रात्री शिकणाऱ्यांची परीक्षा दिवसाढवळ्या! म्हणजे सगळ्यांना कामावर रजा हवी. आणि निम्म्यांनी तर कामावर सांगितलेलंच नाही की आपण दहावीला आहोत. वह्या दप्तरात नाही, कापडाच्या पिशवीत आणतात, म्हणजे कुणी विचारायला नको.

जानेवारीत बाईंनी फोनची वही दुसऱ्या बाजूने उघडली. आता फोन शेठना, सुपरवायझरांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना. ‘नमस्कार, मी अमक्याची वर्गशिक्षिका बोलतेय.’ उडपी मालक म्हणाले, रोज सुट्टी देतो ना त्याला, आधी का नाही बोलला? पोळीभाजी केंद्राच्या ताईंनी परीक्षेच्या दिवशी मावशींच्या वाटच्या पोळ्या स्वतः लाटायचं कबूल केलं. चौकीदाराला सोसायटीने दोन आठवडे दिवसपाळी नको, रात्रपाळीही नको, अशी मोकळीक दिली. कुरिअरच्या सुपरवायझरने ऐकून घेतलं आणि सांगितलं, रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि तीनपेक्षा जास्त रजा झाल्या तर नोकरी नाही.

या कुरिअरच्या मुलाची शाळा करोनात सुटली. शाळा बंद, घरी एकच मोबाइल, तोही वडिलांसोबत कामावर जायचा. आठवी तिथेच राहिली. वर्गात सगळ्यात चलाख तोच, आणि पेन्सिलीच्या नोंदी सगळ्यात जास्त त्याच्याच नावापुढे.

फॉर्म चौदा जणांनी भरले होते. एकीचं डिसेंबरात लग्न ठरलं, ती गावी गेली. तिचं हॉल तिकीट आलं, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेतलेलं. ते अजून हजेरीपटातच आहे.

(दृश्य: 21 फेब्रुवारी. परीक्षा केंद्राबाहेर.)

साडेदहा. तेरा जण. चौकीदाराने इस्त्रीचा शर्ट घातलाय. मावशींच्या मुलीने त्यांच्या हातात दोन पेनं आणि खडीसाखर ठेवली. इतर केंद्रांवर आया मुलांना सोडायला येतात, इथे मुलगी आईला सोडायला आली होती. कुरिअरचा मुलगा दहा चाळीसला धावत पोचला, अंगात कंपनीचा टीशर्ट. सकाळच्या डिलिव्हऱ्या टाकून आला होता. 17 मार्चला भूगोलाचा पेपर झाला तोवर तो असाच येत राहिला. गणिताच्या दोन्ही पेपरांना मात्र उशिरा, आणि एकदा वीस मिनिटं आधी उठून गेला.

(दृश्य: 13 मे. बाईंचं घर. टेबलावर हजेरीपट आणि मोबाइल.)

निकाल दुपारी एक वाजता, ऑनलाइन. आपली मुलं एक वाजता कुठे असतात? हॉटेलात जेवणाची गर्दी, पोळीभाजीत घाई, चौकीदार झोपेत. म्हणून निकाल बाईच बघतात. त्यासाठी बैठक क्रमांक लागतो आणि आईचं नाव. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर तेरा जणांच्या तेरा आयांची नावं लिहिलेली आहेत. बाई एकेक टाइप करतात. मावशींच्या आईचं नाव टाइप करताना थांबल्या, म्हणाल्या, या आजी असत्या तर आज ऐंशीच्या घरात असत्या.

राज्याचा निकाल 94.10 टक्के. शंभरातली जवळजवळ सहा मुलं राहिली. या वर्गातले अकरा पास, दोघं राहिले. मावशींना त्रेपन्न टक्के, गल्ल्यावरच्या मुलाला एकसष्ट. त्यांचे फोन नंतर करायचे, बाई म्हणाल्या. आधी कुरिअरवाल्याचा. त्याने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. पाचव्यांदा उचलला. पलीकडे गाडीचा हॉर्न, वारा.

‘ऐक. गणितच राहिलंय, बाकी सगळं सुटलं. पुरवणी परीक्षा जूनअखेरीला आहे. फॉर्म भरायचाय. उद्या सहा वाजता शाळेत ये, मी वॉचमनकडून किल्ली घेते.’

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो काहीतरी बोलला, आमच्यापर्यंत पोचलं नाही. बाईंनी फोन ठेवला, गेल्या वर्षीचा हजेरीपट जवळ ओढला आणि पेन्सिल शोधली.

‘येतो म्हणाला.’