सापळ्यातले 8 पतंग

श्रोतेहो, नमस्कार. सप्टेंबरात यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातल्या पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांतून फिरताना काठीला बांधलेला, खाली प्लास्टिकची पिशवी लोंबणारा कामगंध सापळा कुठे ना कुठे दिसतोच. त्यातल्या गंधाला मादी समजून गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि अडकतात. एकरी 2 सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात 8 किंवा अधिक पतंग सापडले, तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, असा नियम आहे. पडताळा हवा असेल, तर 20 झाडांवरची 20 हिरवी बोंडे फोडावीत. त्यांतल्या दोन बोंडांत अळी निघाली, तर तोच इशारा समजावा.

या नियमात संगणक कुठेच नाही, तरीही तो संगणकीय विचाराचा उत्तम नमुना आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या 2006 सालच्या लेखामुळे चर्चेत आलेल्या या विचारपद्धतीत मोठ्या प्रश्नाचे तुकडे करायचे, पुन्हा पुन्हा दिसणारी खूण हेरायची, नको ते बाजूला ठेवायचे आणि कुणालाही पाळता येईल अशी क्रमवार रीत बांधायची असते. इथे बियाण्याचा वाण, पेऱ्याची तारीख, डोक्यावरचे कर्ज हे सारे वगळून अख्ख्या वावराची अवस्था एका आकड्यात आणली आहे.

मात्र हा आकडा एका रात्रीचा आहे. पिशवी रोज सकाळी रिकामी केली नाही, तर कालचे 3, परवाचे 4 आणि आजचा 1 मिळून 8 होतात आणि नसलेल्या संकटावर महागडे औषध फवारले जाते. मग ती रिकामी करायची कुणी? वावर गावापासून दोन-तीन किलोमीटर दूर, सकाळ गुरांत जाते आणि निंदणाला आलेल्या बाईला सापळ्याचे कुणी सांगितलेलेच नसते. पराटी वाढते, सापळा मात्र जुन्याच उंचीवर राहून पानांत बुडतो. या गोष्टी नियमात दिसत नाहीत; त्या बांधावर उभे राहून, विचारून, पाहूनच कळतात. डिझाइन थिंकिंग ज्याला म्हणतात ते इथूनच सुरू होते: आधी माणसाची अडचण समजून घ्यायची, मग स्वस्तातला कच्चा नमुना करून त्याच्याच हाती द्यायचा आणि फसला तर बदलायचा. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने अनेकांचा जीव गेला, तेव्हा हातमोजे आणि मास्क न वापरण्याचा दोष मजुरांच्या माथी मारणे सोपे होते. डोक्याएवढ्या पराटीत, त्या उकाड्यात, ते घालून दिवसभर पाठीवर पंप वाहता येतो का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

अर्थात नुसत्या विचारपुशीनेही भागत नाही. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारणाऱ्या शेतकऱ्याची धास्ती कितीही समजून घेतली, तरी आज फवारावे की नाही, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी मोजणीच लागते. म्हणून माझा आग्रह असा, की नियम आणि तो पाळणारा हात यांचा विचार एकाच बैठकीत व्हावा.

करून पाहायचे असेल, तर सापळा वावराच्या मधोमध न बांधता पायवाटेलगतच्या ओळीत बांधा, सकाळी जो पहिला वावरात जाईल त्यानेच पिशवी झटकावी असे ठरवा आणि आकडा लिहायला घराच्या दाराशी एक पाटी टांगा. चौथ्या दिवशी पाटी कोरी दिसली, तर कुणावर रागावू नका. ती गोठ्यात नेऊन टांगा, तिथे सकाळी धार काढायला कुणीतरी जातेच.